बालसंगोपनाचे ग्रंथ आणि त्यांतील अधिकारवाणी

आपल्या मासिकांतून कादंबरीची परीक्षा होते, नाटकाची होते, आठ कवितांच्या चोपडीचीहि होते. परंतु ज्या पुस्तकाच्या एका वाक्यावर घरांतील तान्ह्या जिवाचें बरेंवाईट अवलंबून असतें, त्याच्या वाटेला टीकाकार क्वचितच जातो. बालसंगोपनाचें पुस्तक अभिप्रायार्थ आलें कीं 'उपयुक्त', 'प्रत्येक घरीं असावें असें' आणि 'छपाई सुबक' असे तीन शेरे मारून आपण मोकळे होतों. पुस्तक वैद्यकाचें, आपण पडलों साहित्याचे. तेव्हां त्यांतलें आपल्याला काय कळणार, असा विनय या मौनाच्या मुळाशीं असावा. आम्हांस हा विनय अस्थानीं वाटतो. औषधाची मात्रा बरोबर कीं चूक हें डॉक्टरांनीं ठरवावें हें खरें. पण एखादें वाक्य किती निश्चयानें उच्चारलें आहे, आणि तेवढ्या निश्चयाला पुरेसा आधार त्याच्या पाठीशीं दाखविला आहे कीं नाहीं, हा प्रश्न लेखनाचा आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार वाचणाराचा आहे.

शिवाय या वाङ्मयाच्या वाचकाची स्थिति इतरांहून निराळी असते. कादंबरी वाचणारा आरामखुर्चींत पडलेला असतो. हें पुस्तक उघडणारी आई पुष्कळदां रात्रीं दोन वाजतां एका हातानें मूल थोपटीत असते. तिला त्या वेळीं चर्चा नको असते, आज्ञा हवी असते. उपदेशकाला हें पक्कें ठाऊक असतें, आणि या वाङ्मयाचे गुण व दोष येथूनच सुरू होतात.

अशा प्रकारचा उपदेश आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत बाळाची खोली, त्याचें अंथरूण-पांघरूण, त्याचीं खेळणीं यांचा विचार आला आहे. खेळणें चित्रविचित्र, वाजणारें, मनास रमविणारें असावें. तें जड नसावें, टोंकदार नसावें, तोंडांत जाण्याजोगें नसावें, जीव घेणारें नसावें, भय घालणारें नसावें, असा तेथील अभिप्राय. तोंडांत न जाणारें यासाठीं 'अनास्यप्रवेशी' असा एकच शब्द योजिला आहे, आणि तो कोणाहि टीकाकारानें थांबून पाहावा असा आहे. एका विशेषणांत धोका आला, आणि त्याची कसोटीहि आली. आईला वैद्याकडे जावें लागत नाहीं. खेळणें मुलाच्या तोंडाशीं धरून पाहिलें कीं झालें. अमेरिकेंत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठीं १९८० पासून एक लहानशी नळी मापाकरितां ठरवून दिलेली आहे. जो तुकडा तींत सबंध मावेल तो मुलाच्या घशांत अडकूं शकेल असें मानतात, आणि तसें खेळणें विकतां येत नाहीं. आपल्याकडेहि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक संस्थेचें चिन्ह सक्तीचें झालें आहे. नळी जें सांगते तेंच त्या विशेषणानें सांगितलें होतें. मुलाला राक्षस-पिशाचांचीं नांवें घेऊन भिववूं नये, असेंहि त्याच ठिकाणीं म्हटलें आहे. 'बागुलबुवा आला' म्हणून घास भरविणाऱ्या आपल्या घरांनीं निदान हें तरी वाचावयास हवें होतें!

परंतु पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें म्हणून टाळी पिटणारांनीं त्याच अध्यायांत जरा मागेंपुढें पाहावें. नुकत्या जन्मलेल्या बाळाला दूध पाजण्यापूर्वीं मंत्रून मध व तूप चाटवावें, असें तेथेंच आहे. आणि जनावरांच्या शिंगांचीं टोंकें त्याच्या अंगावर बांधावीं असेंहि आहे. मधांत एका विशिष्ट जंतूचे बीजाणू असूं शकतात, ते वर्षाच्या आंतील बालकाच्या आंतड्यांत रुजून विष निर्माण करूं शकतात, आणि त्यानें मुलाचे स्नायू लुळे पडतात, या रोगाची ओळख वैद्यकास १९७६ मध्यें झाली. तेव्हांपासून पहिल्या वर्षांत मधाचें बोट चाटवूं नये असें सांगतात. आतां गंमत अशी कीं, खेळण्यांचें वाक्य, मधाचें वाक्य आणि शिंगांचें वाक्य, तिहींचा स्वर एकच आहे. कोणतें कोणाच्या अनुभवावर उभें आहे आणि कोणतें केवळ रूढीनें आलें आहे, हें ओळखण्याची सोय ग्रंथकर्त्यानें ठेवलेली नाहीं. प्राचीन ग्रंथाकडून ती अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. पण अर्वाचीनांनीं तरी ती कोठें ठेवली?

युरोप-अमेरिकेंत या वाङ्मयाला आजचें रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलें. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांचें मुलांची निगा व आहार यांवरील पुस्तक १८९४ मध्यें निघालें, तें प्रश्नोत्तरांच्या रूपांत. ख्रिस्ती मुलांकडून धर्माचीं तत्त्वें ज्या घाटाच्या पुस्तिकांवरून पाठ करून घेत, त्याच घाटाची ही रचना, आणि तिला शोभेल असाच तींतील उपदेश: सहा महिन्यांच्या आंतील मुलाशीं खेळूं नये. न्यूझीलंडमध्यें ट्रूबी किंग यांनीं १९०७ मध्यें संस्था काढून घड्याळाच्या कांट्याबरहुकूम दूध पाजण्याचा संप्रदाय चालविला. १९२८ मध्यें मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनीं तर मुलाला कुरवाळूं नये, मांडीवर बसवूं नये, अगदींच राहवलें नाहीं तर निजतांना कपाळावर एकदां ओठ टेकावे आणि सकाळीं त्याच्याशीं हस्तांदोलन करावें, इथपर्यंत मजल नेली. पुढें वॉटसन यांनीं आपल्या आत्मनिवेदनांत कबूल केलें कीं, असलें पुस्तक लिहिण्याइतकें ज्ञान त्या वेळीं आपल्यापाशीं नव्हतें. कबुली प्रामाणिक आहे. पण ज्या आयांनीं तें पुस्तक विकत घेऊन आपले हात आंवरले, त्यांपैकीं कितींच्या दृष्टीस ती पडली असेल?

ही थंडगार अधिकारवाणी मोडून काढणारा ग्रंथ म्हणून बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ च्या पुस्तकाची ख्याति आहे, आणि ती सर्वस्वीं रास्त आहे. पंचवीस सेंटांना मिळणाऱ्या त्याच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीनें सामान्य घरांत प्रवेश केला, आणि १९९८ मध्यें ग्रंथकर्ते वारले तोंवर प्रतींची संख्या पांच कोटींच्या आसपास गेली होती. आईनें स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवावा, मुलाला जवळ घ्यावें, भूक लागेल तसें पाजावें, हा त्यांचा सूर. शेजारच्या वडीलधाऱ्या डॉक्टरांनीं ओट्यावर बसून बोलावें तसें तें गद्य आहे. लेखनाच्या दृष्टीनें या सबंध वाङ्मयांत त्याला तोड नाहीं, असेंच आम्ही म्हणूं. आणि म्हणूनच त्याच्यांतील एका सल्ल्याची कथा या लेखाच्या मध्यभागीं येते.

१९५८ च्या आवृत्तींत स्पॉक यांनीं मूल पालथें निजविण्याची संवय पहिल्यापासून लावावी असा कौल दिला. त्यांनीं कारणेंहि दिलीं. उताणें मूल ओकलें तर ओकारी घशांत जाऊन गुदमरेल, हें एक. आणि तें एकाच कुशीला मान ठेवून निजेल तर डोकें त्या बाजूस चपटें होईल, हें दुसरें. (दुसरें कारण वाचून मोहरीची उशी शिवणाऱ्या आपल्याकडील आज्यांना परकें वाटणार नाहीं, डोक्याच्या गोलाईची चिंता सर्व खंडांतून सारखीच दिसते.) हा सल्ला एकट्या स्पॉक यांचा नव्हता, तो अनेक पुस्तकांतून व रुग्णालयांतून दिला जात होता. पण त्यांच्या पुस्तकाइतका तो कोणी घरोघर नेला नाहीं. पुढें काय निष्पन्न झालें तें सर्वश्रुत आहे. निजलेलें निरोगी मूल कोणतेंहि कारण न दिसतां मृत आढळतें, असे जे प्रकार घडत, ते पालथ्या निजणाऱ्या मुलांत कितीतरी अधिक घडतात असें आढळून आलें. इंग्लंडांत १९९१ मध्यें आणि अमेरिकेंत १९९४ मध्यें मूल उताणें निजवा अशी मोहीम निघाली, आणि अमेरिकेंत या मृत्यूंचें प्रमाण दहाएक वर्षांत निम्म्यावर आलें. २००५ मध्यें रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांचा निष्कर्ष असा कीं, १९७० पर्यंत प्रसिद्ध झालेला पुरावा कोणी जुळवून पाहिला असता तर धोका तेव्हांच दिसला असता, आणि ब्रिटनमधील दहा हजारांहून अधिक, तर युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान पन्नास हजार बालकांचे प्राण वांचूं शकले असते.

येथें घाईनें निकाल देणारा टीकाकार म्हणेल, उपदेशकानें कारण सांगावें म्हणजे असे घात होत नाहींत. पण स्पॉक यांनीं कारण सांगितलें होतें. तें सहज पटण्याजोगेंहि होतें. आणि तें खोटें होतें. मूल उताणें असतांना श्वासनलिका वर व अन्ननलिका खालीं असते; ओकलेलें दूध श्वासनलिकेंत शिरावयाचें तर त्याला चढ चढून जावें लागतें. पालथें निजविलें कीं उलट होतें. शरीराची रचना ठाऊक असलेल्या डॉक्टरालासुद्धां हा विचार सुचला नाहीं, कारण पहिलें अनुमान इतकें सरळ वाटत होतें. आपल्या नैयायिकांनीं अनुमान आणि प्रत्यक्ष हीं दोन प्रमाणें वेगळीं ठेवलीं, त्याचें मर्म या एका उदाहरणानें कळावें. पालथें निजविणें बरें, हें कोणीं मोजून पाहिलेलें नव्हतें. तें तर्कानें काढलेलें होतें. दोष तर्क करण्यांत नाहीं. त्याच पुस्तकांत देवीची लस टोंचण्याचा सल्ला शेंदीडशें वर्षांच्या परीक्षेंतून उतरलेला, आणि हा सल्ला अनुमानाचा. दोन्ही एकाच शाईनें, एकाच मायाळू स्वरांत छापले गेले, हा दोष आहे. स्पॉक दरडावीत नाहींत, ते आपली पसंती सौम्यपणें कळवितात. परंतु ज्यानें आधीं आपला विश्वास मिळविला आहे त्याची पसंती ही आज्ञेहून अधिक पाळली जाते.

यावर कोणी विचारील, आईला स्वतःच्या अनुभवानें हें कळलें नसतें काय? कळलें नसतें. हजारों मुलें पालथीं निजत आणि सकाळीं हसत उठत. एका आईला, किंवा एका डॉक्टरालाहि, उरलेल्या थोड्या दुर्दैवी घरांची संगति लागणें शक्य नव्हतें. ती अनेक गांवांतील नोंदी एकत्र आणल्यावरच लागते. आपल्या घरांतील वडील बायका 'मीं पांच मुलें वाढविलीं' असें म्हणतात, त्या म्हणण्यांत असाच एक भ्रम असतो. न्हाऊमाखू घालतांना नाकांत तेलाचे थेंब सोडणें, सहाणेवर उगाळलेली गुटी रोज चाटविणें, आईचा पहिला चीक पिळून टाकणें, या सर्वांच्या पाठीशीं हाच पुरावा उभा केला जातो. नाकांतलें तेल फुफ्फुसांत उतरून तेथें दाह करूं शकतें. उगाळलेल्या मुळ्यांची मात्रा कोणी मापीत नाहीं. आणि चिकांत रोगाचा प्रतिकार करणारीं द्रव्यें असतात. पण आजीबाईंचा अनुभव हा वांचलेल्यांचा अनुभव आहे. जीं दगावलीं तीं वाद घालावयास येत नाहींत, आणि त्यांचा दोष नशिबाच्या खात्यावर मांडला जातो. आजीबाईंना अडाणी म्हणून हंसणारांनीं लक्षांत ठेवावें कीं, पन्नास वर्षांपूर्वीं मोठ्या शहरांतील नामांकित डॉक्टरहि निजण्याच्या बाबतींत त्याच जातीच्या पुराव्यावर बोलत होते.

आतां मराठींतील अशा लिखाणाकडे वळूं. येथें आमची तक्रार निराळी आहे. आपल्या पत्रकांतील मजकूर बहुधा बरोबर असतो; त्याचें मराठी मात्र कोणासहि उद्देशून नसतें. 'अर्भकास प्रथम सहा महिने निव्वळ स्तनपान देण्यांत यावें' या धाटणीचें वाक्य पाहा. कोणीं द्यावें? कोणाला सांगितलें? 'देण्यांत यावें' या कचेरीच्या प्रयोगांत कर्ता गडप होतो, आणि कर्त्याबरोबर जबाबदारीहि. शिवाय 'निव्वळ' या शब्दांत पाणीसुद्धां वर्ज्य आहे, हें ज्याला आधीं ठाऊक आहे त्यालाच कळतें. तेंच असें लिहिलें तर? 'सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नका, पाणीसुद्धां नको; आईच्या दुधांत शेंकडा सत्त्याऐंशी भाग पाणीच असतें.' वैशाखांत, विदर्भाच्या उन्हांत, 'लेंकराचा घसा सुकला असेल' म्हणून वाटी-चमचा घेऊन सासूबाई पुढें आल्या, तर सुनेला पहिल्या वाक्याचा उपयोग नाहीं. दुसऱ्यांतील कारण ती सांगूं शकते. घरांत वाद जिंकावयाचा असतो, आणि तो आज्ञेनें जिंकतां येत नाहीं.

जेथें उपदेश सहज प्रवृत्तीच्या विरुद्ध जातो तेथें तर कारण दिल्यावांचून चालतच नाहीं. ज्या घरांतून अजून रॉकेल आहे, तेथें तें सरबताच्या रिकाम्या बाटलींत भरून खालीं ठेवलेलें असतें आणि रांगतें मूल तें तोंडाला लावतें. त्या क्षणीं घरांतल्या प्रत्येकाला एकच सुचतें: बोट घालून ओकवा. 'वांती करवूं नये' एवढेंच छापलेलें वाक्य त्या गोंधळांत कोण मानील? पण हें तेल पोटांतल्यापेक्षां फुफ्फुसांत गेलें तर अधिक घातक, आणि ओकतांना तें तिकडेच जाण्याचा संभव, हें ज्यानें एकदां वाचलें आहे त्याचा हात थांबतो, आणि तो मुलाला तडक दवाखान्याकडे घेऊन धांवतो. भाजलेल्या जागीं तूप किंवा दंतमंजन न लावतां वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं ती धरावी, तीन-चार वर्षांच्या आंत अख्खे शेंगदाणे देऊं नयेत, न्हाणीघरांत भरलेली बादली ठेवूं नये, या सूचनांचेंहि तसेंच. वीस मिनिटांचा आंकडा कारणाशिवाय कोणी पाळीत नाहीं. कातडीच्या आंत उष्णता पुढेंहि भाजतच असते, हें कळलें म्हणजे तो पाळला जातो.

सल्ल्याचें वाक्य छापण्यापूर्वीं कसें पारखून घ्यावें याचा आमच्या माहितींतला उत्तम दाखला शेजारच्या बंगालांतला आहे. १९७१ मध्यें बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हां बनगांव येथें डॉ. दिलीप महालनबीस यांनीं शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आल्यावर मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पाजण्याचा मार्ग अवलंबिला. मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीस होतें, तें तोंडानें पाणी पिणाऱ्यांत चारांच्याहि खालीं आलें. पण छावणींत यश मिळणें वेगळें आणि खेड्यांतील आईनें जुलाब होणाऱ्या मुलासाठीं तें पाणी आपल्या हातानें करणें वेगळें. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या बायका बांगलादेशांत दारोदार फिरून आयांना हें शिकवीत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. चिमूट, मूठ, शेर. एकहि माप असें नाहीं कीं जें त्या घरांत नव्हतें. मीठ अधिक पडलें तर अपाय होतो, म्हणून आईकडून तें पाणी समोर करवून घेत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, शिकविणारीचा मोबदला किती घरें केलीं यावर ठरत नसे. कांहीं आठवड्यांनीं दुसरा कोणी जाऊन निवडक घरांत परीक्षा घेई; आईला किती आठवतें, तिनें केलेलें पाणी बरोबर उतरतें कीं नाहीं, यावर शिकविणारीचे पैसे ठरत. प्रारंभीं बायका शिकल्या तरी ऐन वेळीं पाणी पाजीनात, असें आढळलें. तेव्हां बाजारांतून व मशिदींतून पुरुषांशीं बोलणें सुरू झालें. एक कोटि वीस लाखांहून अधिक घरांत हा पाठ पोंचला. येथें अनुत्तीर्ण होण्याची जबाबदारी वाचणारावर ठेवलेली नाहीं, हें आमच्या मतें त्या योजनेचें वाङ्मयीन वैशिष्ट्य होय. आपल्याकडे आतां तयार पुडी मिळते, व तीच वापरावी. परंतु मोठ्या पुडीवर 'एक लिटर' असें असतें, आणि घरांत असतो तांब्या. अर्धी पुडी पेल्यांत टाकून ढवळणारी आई निष्काळजी आहे असें म्हणण्याआधीं तिला तांब्याचें माप कोणीं सांगितलें होतें, हें विचारावें.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. बालसंगोपनावर लिहिणाऱ्या डॉक्टरांनीं प्रत्येक सूचनेपुढें निदान इतकें कळूं द्यावें कीं ही गोष्ट मोजून पाहिलेली आहे, कीं ती शरीराच्या ज्ञानावरून काढलेलें अनुमान आहे, कीं ती केवळ आमच्या व्यवसायांतील रूढि आहे. यानें पुस्तकाचा दरारा कमी होईल ही भीति आम्हांस खरी वाटत नाहीं. उलट, मूल उताणें निजवावें, या वाक्यासारखीं वाक्यें त्या गर्दींतून उठून दिसतील. दुसरें, प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर तें शेवटचें कोणत्या सालीं तपासलें तो आंकडा छापावा. कारण हीं पुस्तकें कादंबऱ्यांसारखीं वाचून टाकलीं जात नाहींत. थोरल्या जावेचें पुस्तक धाकटीकडे जातें, मावशीचें भाचीकडे, आणि शेवटीं रद्दीच्या दुकानांत येऊन तेथूनहि कोणा नव्या बापाच्या पिशवींत पडतें. गेल्या वर्षींचें पंचांग कोणी मुहूर्ताला काढीत नाहीं. पण १९६५ सालीं छापलेली एखादी चांगल्या बांधणीची प्रत अजून कोणाच्या कपाटांत असेल, आणि तींत मूल पालथें निजवावें असेंच लिहिलेलें असेल.